शिसवाला तेल पाजू नका

लाकडावर मी अकरा पुस्तकं वाचली आहेत. त्यामुळे बाबांच्या शिसवी आरामखुर्चीला पॉलिश करायला बाहेरचा माणूस लागणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. सांगितलं तेही त्या बाहेरच्या माणसालाच!

बापूराव मंडईमागे चाळीस वर्षं पॉलिशचं काम करतात. बाबांचं वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं, म्हणून आईने त्यांना बोलावलं होतं. खुर्चीवर वर्षभरात कुणी बसलं नव्हतं.

"ताई, शिसवाला तेल पाजू नका," बापूराव म्हणाले. "त्याच्या अंगातच तेल असतं. वरचं सुकत नाही. चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, चार हात मारतो."

"चपड्यावर पाणी सांडलं की पांढरा डाग पडतो. जवसाचं तेल आत मुरतं, रंग खुलतो."

"कुठं बघितलंत?"

"वाचलंय."

"मग प्रश्नच मिटला." त्यांनी पिशवी उचलली. दारात थांबले. "तेवढं वरच्या पट्टीचं, आईंनी मला…"

"हो हो, तो डाग माझ्या लक्षात आहे!"

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, चपला घातल्या आणि जिना उतरले.

डोकं टेकायच्या पट्टीवर मधोमध तळहाताएवढा काळपट, तुकतुकीत डाग होता. गॅलरीचं दार लावून घेऊन मी पॉलिश पेपरने घासायला बसले. आईला आत यायची बंदी, कारण तिला चकित करायचं होतं. शिसवाच्या भुशाने दोन दिवस मला जांभळ्या शिंका येत होत्या! पण डाग गेला. खालून तांबडी, काळी, जांभळी रेघ अशी उठली, की मी स्वतःचीच पाठ थोपटली.

मग तेल. तीन हात. पुस्तकात लिहिलं होतं, चोवीस तासांत सुकतं. चोवीस तासांनी चिकट. अठ्ठेचाळीस तासांनी चिकट. मी पंखा लावला, केस वाळवायचं यंत्र फिरवलं आणि वर चौथा हातही दिला! दोन आठवड्यांनी खुर्ची काकवी सांडल्यासारखी होती. खुर्चीच्या हातावर एक डास चिकटून मेला. डासाबद्दल एकाही पुस्तकात काही नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

जेवायला शरच्चंद्रकाका होते, बाबांचे मित्र. ही खुर्ची दोघांनी मिळून जुन्या बाजारात पाहिली होती. "आधी मी पाहिली," काका म्हणायचे. "आधी हात मी लावला," बाबा म्हणायचे. पंचेचाळीस वर्षं दर रविवारी हेच भांडण, आणि बाबांनी त्यांना एकदाही तीत बसू दिलं नाही. अळूची भाजी वाढता वाढता मी मात्र सगळ्या पंगतीला जवसाच्या तेलाचे गुण ऐकवले.

खीर संपवून काका खुर्चीपाशी गेले. नुसते उभे राहिले. आईने खुर्ची फिरवली.

"बसा. आता अडवायला कोण आहे?"

"काका, नको!" मी ओरडले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओली आहे, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण जवसाच्या तेलावरचं व्याख्यान नुकतंच झालं होतं! "म्हणजे… बसा ना," मी म्हटलं.

काका बसले, टक्कल मागे टेकलं, हात लांब केले आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. मी तासभर देवाचं नाव घेत होते.

"कुसुमवहिनी!" काकांची हाक आली. "अहो, सोडत नाहीये तो मला!"

आईने त्यांचं डोकं धरलं, मी खोबरेल लावून हात सोडवले. चर्र आवाज करत काका सुटले. झब्ब्याच्या बाह्या चॉकलेटी!

आई पट्टीकडे बघत होती.

"इथलं तेल कुठे गेलं?"

"डाग होता आई. काढला."

"डाग नव्हता तो. ह्यांच्या डोक्याचं माक्याचं तेल होतं. बापूरावांना बजावलं होतं मी, तेवढं सोडून करा म्हणून." मग हळू आवाजात, "दुपारी मी तिथे जरा हात ठेवायची."

त्या खोलीत किती फरशा आहेत ते मला त्या दिवशी कळलं. बत्तीस.

बरोबर त्याच जागी आता नवा ठसा होता. गोल, स्वच्छ, मानेच्या दोन वळ्यांसकट. काकांनी चष्मा लावला.

"म्हणजे वहिनी, खुर्ची शेवटी माझीच!" आईचा चेहरा बघून ते गडबडले. "नाही, म्हणजे मी आपलं…"

आईने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "ऐकलंत का हो?" म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. तो तिने बराच वेळ काढला नाही.

बापूराव पुढच्या आठवड्यात आले. मी स्वतः बोलावलं. त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट टेकवलं, बोट सोडवलं, पिशवीला पुसलं. पुस्तकाचं नाव काढलं नाही. ते काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

"सगळं खरवडून चपडा मारतो. हा वरचा ठसा काढू?"

"आईला विचारा."

"राहू दे!" आई आतून म्हणाली. "रविवारी भांडायला येतात ते."

बापूरावांनी माझ्या हातात कापसाचा बोळा दिला.

"हा कसा धरायचा, ते वाचलंय?"

"नाही," मी म्हटलं.

वाचलं होतं.