सीड्या धुणाऱ्या नलूताई

आमच्या शेजारच्या नलूताई म्हात्रे सीड्या धुतात. पुसत नाहीत, धुतात. परातीत साबणाचं पाणी घेऊन, पाटावर बसून, एकेक सीडी तळहातावर धरून. मग पडवीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालतात. ओरखडा उठू नये म्हणून प्रत्येक चिमट्यात जुन्या पातळाच्या फडक्याची घडी. श्रीवर्धनच्या समुद्रावर निघालेले पर्यटक आमच्या गल्लीत थबकतात आणि त्या चकाकणाऱ्या दोरीचे फोटो काढतात. एकीनं मला विचारलं होतं, "ही इकडची काही प्रथा आहे का?" मी हो म्हणालो. खरं सांगायला फार वेळ लागला असता.

खरं असं, की नलूताई जुन्या व्हीसीडी दुरुस्त करून त्यांच्या डीव्हीडी करून देतात. एके काळी इकडच्या प्रत्येक लग्नघरात फोटोग्राफर दोन व्हीसीडी आणून द्यायचा. पहिल्या सीडीत हळद आणि मंगलाष्टकं, दुसरीत जेवणं आणि पाठवणी. त्या चार वेळा बघून झाल्या की कपाटात जायच्या. मग खारी हवा लागून त्यांच्यावर बुरशी धरायची. वीस वर्षांनी लावून बघावं तर नवरी हार घालायला हात वर करते, तिचे चौकोन चौकोन होतात आणि हात तसाच वर राहतो. दुकानदार सांगतात, "डेड आहे, फेकून द्या." अशी फेकायला निघालेली सीडी शेवटी नलूताईंच्या परातीत येते.

नलूताई मूळच्या पेणकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. नोकरीसाठी श्रीवर्धनला आल्या आणि इथंच राहिल्या. लग्न केलं नाही. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ऑपरेटरची. तेव्हा मुंबईला बोलायचं तर आधी कॉल नोंदवून तासन् तास वाट बघावी लागायची आणि ऑपरेटर हातानं लाइन जुळवून द्यायची. पुढे सगळं आपोआप जुळायला लागलं, नलूताई बिलांच्या खिडकीत बसल्या, निवृत्त झाल्या. पण बोलणं अजून एक्स्चेंजमधलंच आहे. दार वाजवलं की आतून "होल्ड करा." कॉम्प्युटर अडकला की "एंगेज आहे." गप्पा मारायला कुणी बसलं की नलूताई घड्याळाकडे बघतात आणि ट्रंक कॉलवर विचारायच्या तसं अगदी सौजन्यानं विचारतात, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" वाढवायची हिंमत मी तरी अजून केलेली नाही.

हे काम त्यांना कुणी शिकवलं नाही. भाचीच्या लग्नाची सीडी अडली, ती अडली कुठं हे बघता बघता त्या आत शिरल्या. मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. सेकंदाला पंचवीस चित्रं पळतात. सीडी जिथं खराब झालेली असते तिथली काही चित्रं वाचता येत नाहीत, ती गळतात. आवाज मात्र पुढं चालत राहतो. डीव्हीडी करताना सीडीतल्या फाइलवर मलमपट्टी न करता ती तशीच पुढं ढकलली, की सुरुवातीला अर्ध्या सेकंदाचं अंतर शेवटी आठ सेकंदांचं होतं. "म्हणजे आधी हार पडतो आणि मग 'सावधान' ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "आता सावध होऊन काय उपयोग?"

म्हणून त्या आधी चित्र आणि आवाज वेगळे करतात. गळलेल्या जागा एकेक करून मोजतात. मग दोन्ही पुन्हा जुळवतात, आणि जुळलं की नाही हे बघायला नारळ शोधतात. आपल्याकडच्या लग्नात नारळ फुटल्याशिवाय राहत नाही. तो फुटताना दिसला त्याच क्षणी ऐकू आला तर लाइन सरळ. नारळ नसेल तर पडलेलं ताट, फटाका, कुणीतरी पोराला घातलेला धपाटा. दोन चित्रांचा फरकसुद्धा त्यांच्या कानाला टोचतो. मी डोळे फाडून बघतो, मला काही कळत नाही. त्या म्हणतात, "अजून तिरकं आहे," आणि पुन्हा कामाला लागतात. अशा वेळी त्यांच्या मागं उभं राहिलं की देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं. आपण पायातल्या चपला काढल्यात ना, हे मी हळूच खाली बघून घेतो.

दिघीच्या एका बोटवाल्याची सीडी आली होती. तिच्यात आवाज इतका सरकला होता की नवरीचा उखाणा नवऱ्याच्या मिशाळ मामांच्या तोंडून यायचा. मामा तोंडात लाडू घालायचे आणि लाजऱ्या आवाजात भाच्याच्या नावाचा उखाणा घ्यायचे. बोटवाला म्हणाला, "ताई, एवढं राहू द्या. घरात सगळे हसतात." नलूताईंनी ऐकलं नाही. "तिनं पाठ करून घेतलेलं नाव आहे. ते तिच्याच तोंडात गेलं पाहिजे."

एकदा मी म्हणालो, "हल्ली डीव्हीडी कोण बघतं? पेनड्राइव्हवर द्या."

"पेनड्राइव्ह खिशात राहतो आणि धुण्यात जातो. डीव्हीडी कुणी धूत नाही."

मी दोरीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. "व्हीसीडी धुतात," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

माझी स्वतःची सीडी त्यांना द्यायला मी तीन वर्षं लावली. आम्ही मूळचे हरिहरेश्वरचे. वडील गेल्यावर मी श्रीवर्धनला घर घेतलं, तेव्हापासून नलूताई शेजारी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते गेले तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. गेल्या दिवाळीत तिनं विचारलं, "आजोबांचा आवाज कसा होता?" मी नक्कल करायचा प्रयत्न केला. बायको म्हणाली, हा तुमचाच आवाज आहे, जरा सर्दी झालेला. फोटो पुष्कळ होते. आवाज फक्त एका ठिकाणी होता, आमच्या लग्नाच्या दुसऱ्या सीडीत, आणि ती नेमकी पंगतीच्या सुरुवातीलाच अडायची. अलिबागला आणि पनवेलला दाखवून झाली होती. नलूताईंनीही नाही म्हटलं तर पुढं विचारायला कुणीच उरणार नव्हतं, म्हणून मी थांबलो होतो.

शेवटी दिली. अण्णांचं काही बोललो नाही, नुसतं "लग्नाची आहे" म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती दोरीवर दिसली. मग पंधरा दिवस काहीच नाही. मी कुंपणावरून विचारलं की उत्तर यायचं, "लाइन खराब आहे." एवढ्या दिवसांत मी बायकोशी दोनदा विनाकारण भांडलो.

आणि एका रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला नलूताई आमच्या दारात उभ्या. त्या कुणाकडे जात नाहीत, आमच्याकडेही कधी आल्या नव्हत्या. हातात डीव्हीडी. खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"पंगतीत टोपी घालून फिरतायत, ते कोण?"

"माझे अण्णा."

"त्यांचा नंबर हरिहरेश्वर सात होता का?"

तो आमच्या घरातल्या काळ्या फोनचा नंबर. मी स्वतःच विसरलो होतो.

"सुपारीचा भाव विचारायला मुंबईचा कॉल लावायचे," नलूताई म्हणाल्या. "चार चार तास लाइन मिळायची न्हाय. लोक माझ्यावर ओरडायचे. हे कधी ओरडले न्हाय. मी फोन करून सांगायची, अजून उशीर हाय. तर म्हणायचे, असू दे बाई, तुम्ही जेवलात का?" त्यांच्या बोलण्यात पेणकडचं गाव शिरलं होतं, आणि ते त्यांना कळलं नव्हतं. "अकरा वर्षं. तोंड कधी बघितलं न्हाय. परवा आवाज आला आणि हात थांबला माझा."

"मग तुम्ही काय सांगायचात त्यांना?"

"काय सांगणार. गिऱ्हाइकाशी खाजगी बोलायचं न्हाय, असा नियम होता. सुपरवायझर मागं उभे असायचे. मी म्हणायची, लाइनवर राहा."

बायकोनं मुलीला हाक मारली. आम्ही डीव्हीडी लावली. नलूताईंनी आधीच सांगून ठेवलं, की मधली काही सेकंदं चित्र वाचलंच नाही, तिथं पडदा काळा आहे. ती जागा कापून टाकता आली असती. पण आवाज शाबूत होता, म्हणून ठेवली.

पंगत आली. वाढपी धावत होते. मग पडदा काळा झाला आणि त्या काळोखातून अण्णांचा आवाज आला. मोठा, थोडा घोगरा, वाढप्यांना म्हणत होता, "त्या कोपऱ्यात भात न्या, ती माणसं लांबून आलीत." मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखा मुळीच नाहीये." मी मान हलवली.

चित्र परत आलं. अण्णा माणसांमधून वाट काढत सरळ कॅमेऱ्याकडे चालत आले. अगदी जवळ. व्हिडिओवाल्याला विचारत होते, पण बघत होते आमच्याकडेच. ओठ आणि आवाज एकमेकांना असे चिकटले होते, जणू ते आत्ताच दारातून आले.

"सकाळपासून उभे आहात. जेवलात का तुम्ही?"

"न्हाय अजून," नलूताई म्हणाल्या.

टीव्हीकडे बघून, अगदी हळू आवाजात. आम्ही ऐकलं हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि ती आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.