मास्टर विचारात पडला तेव्हा

बरोबरी तर मी हसतहसत करीन!

असं मी स्पर्धेला निघताना घरी जाहीर केलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, समोर मास्टर आहे. तो तुम्हाला झोपेतसुद्धा हरवेल."

"हरलो तर बुद्धिबळ कायमचं बंद! पट माळ्यावर!"

बायको लगेच "बरं" म्हणाली. एरवी ती माझं काही इतक्या झटकन मान्य करत नाही.

तर डाव. सुरुवात मी अशी दणक्यात केली की... नको, सुरुवात राहू दे. दोन प्यादी गेली, घोडा कोपऱ्यात रुसून बसला. सरळ 'त्या' चालीवर येतो.

ती चाल! वजीर उचलला, मास्टरच्या मोहऱ्यांच्या ऐन घोळक्यात आदळला आणि हाताची घडी घालून मागे रेललो. मास्टरने पटाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. कपाळाला हात लावला. आणि विचारात बुडाला!

पाच मिनिटं. पंधरा मिनिटं. नुसता दगड! मी उठलो, चहा घेतला, बाकीच्या खेळाडूंकडे दयेने पाहत एक फेरी मारली. प्रेक्षकांतून मेहुणा मनगटावर बोट आपटत होता. 'करू दे रे विचार त्याला, घाई कसली!' मी हातानेच सांगितलं. मग तो तळहाताने हवा दाबायला लागला. आशीर्वाद! वयाने लहान असून! मी हात जोडले. त्याने डोकं धरलं, तोंडाने काहीतरी ओरडला, तसं पंचांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. बिचारा! आनंद सोसला नाही.

शेवटी पंच आमच्या टेबलाशी आले. "वेळ संपली."

मी मास्टरचा खांदा थोपटला. "मनाला लावून घेऊ नका."

"त्यांची नाही," पंच म्हणाले. "तुमची."

काय असतं, चाल खेळली की घड्याळाचं बटण दाबायचं. मग आपली वेळ थांबते, समोरच्याची सुरू होते. दाबायचं! मी हाताची घडी घातली होती.

"अहो, मग तुम्ही एवढा वेळ विचार कसला करत होतात?" मी मास्टरला विचारलं.

"तुम्हाला सांगावं की नाही, याचा."

"मग सांगितलं का नाही?"

मास्टर खालच्या आवाजात म्हणाला, "सांगितलं असतं, तर तुमचा वजीर फुकट मारावा लागला असता. घरचं माणूस बघायला आलेलं. म्हटलं, घड्याळामुळे हरले, तर सांगायला तरी बरं."

खरंच बरं होतं. "घड्याळाने घात केला!" मी घरात पाऊल टाकताच गरजलो. बायकोने मान हलवली आणि पट माझ्या हातात दिला.

"पण दाजी," मेहुणा म्हणाला, "तो वजीर तुम्ही तिथे असा उघडा..."

"तू गप्प बस आणि शिडी धर!"