राणीसाहेबांचे केस गळों लागले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून, आणि मस्तकावर जे काही उरले ते तिचेच कृपेने उरले ऐसे जाणून, ही हकीकत लिहिली असे. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही.

शके सोळाशे त्र्याण्णव, खर संवत्सर, ज्येष्ठमासी श्रीमंत हैबतराजे यांच्या राणी मैनाबाईसाहेब प्रसूत जाहल्या आणि पुत्ररत्न जाहले, आणि तोफा सुटल्या, आणि हत्तीवरून साखर वाटिली. प्रसूती कठीण जाहली होती, मागाहून ज्वरही आला, तोही उतरला, आणि सर्वांस वाटले की आता क्षेम आहे. मग भाद्रपद सरतां सरतां एके सकाळी चिमा दासी राणीसाहेबांची वेणी घालावयास बसली, आणि फणी फिरविली तो केसांचा झुबका हाती आला, आणि तिने तो पदराखाली लपविला, आणि पुन्हा फणी फिरविली तो दुसरा आला.

राणीसाहेब बोलिल्या, "चिमे, काय लपवितेस?"

"काही नाही बाईसाहेब, गुंता आहे."

"येवढा गुंता?" म्हणोन पदर ओढिला, तो मूठभर केस मांडीवर पडिले.

मग उशीवर केस, न्हाणीत केस, राजपुत्राचे मुठीत केस, आणि एके दिवशी महाराजांचे ताटात केस निघाला, तेव्हां गोष्ट दरबारात गेली आणि गोंधळास आरंभ जाहला. कारभारी रामाजीपंत बोलिले, शेजारचे राजाने तेलात विष कालविले. महाराजांच्या आत्यासाहेब बोलिल्या, दृष्ट लागली, एकवार डोई भादरून टाकावी, म्हणजे दाट येतील. हे ऐकोन सर्वांनी कानांवर हात ठेविले, कारण पती जिवंत असता स्त्रीचे केस उतरावयाचे, हे कोणाचे जिभेवर येईना. तेव्हां दरबारचे जोशी हळूच बोलिले की, आपण न उतरले तरी दैव आपले हाते उतरीत आहे, याचा अर्थ धन्यावर अरिष्ट आहे. ऐसे बोलतांच कारभाऱ्यांचे तोंडचे पाणी पळाले, आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन महाराजांनी रहित केले. घोडे जीन कसून उभे राहिले, शिपाई विचारो लागले, "काय जाहले?" आणि उत्तर मिळे, "बाईसाहेबांचे केस गळाले," आणि ते आणखीच बुचकळ्यात पडत. शेजारचे राजास कळले की आपण विष घातले, तोही चकित जाहला, आणि न जाणो म्हणोन त्याने सरहद्दीवर फौज आणून ठेविली. आणि तेल लावणारी चिमा, म्हणोन चिमेस कोठडीत घातले.

राणीसाहेबांनी महाराजांस विनविले, "ती माझे माहेराहून आली आहे, ती विष घालील?" परंतु महाराजांचेच चित्त ठिकाणी नव्हते. ते बोलिले, "मज काही सुचत नाही. मी मरणार म्हणतात, आणि मज तर भूक उत्तम लागते." मग राणीसाहेबांनी भयाने केस विंचरणेच सोडिले, आणि जे रोज थोडे थोडे जावयाचे ते साठोन राहिले, आणि न्हाते दिवशी एकदम गेले, तेव्हां परडी भरली आणि रडारड अधिक जाहली.

मग कोणी सुचविले म्हणोन नागेशशास्त्री वैद्यांस पालखी धाडून आणिले. ते उतरले तो डोईवर एक केस नाही. आत्यासाहेब बोलिल्या, "यांस स्वतःचे राखिता आले नाहीत!" वैद्य बोलिले, "बाईसाहेब, हे टक्कल आमचे वडिलांकडून आले आहे, त्यांस आजोबांकडून. ते हळूहळू कपाळापासून मागे जाते. हे दुखणे वेगळे, ते वेगळे." मग पडदा धरिला, तेव्हां राणीसाहेब आतून बोलिल्या, "पडदा काढा. केस गेले, आता झाकावयाचे ते काय?" मग वैद्यांनी उन्हात बसवून केस दुभागून पाहिले, आणि विचारिले, "एके ठिकाणी गेले की सगळीकडून?"

"सगळीकडून."

"खाज, खपली, आग?"

"नाही."

"मागे तीन-चार महिन्यांत काही मोठे दुखणे?"

राणीसाहेब हसल्या, बहुत दिवसांनी हसल्या, आणि पाळण्याकडे बोट दाखविले. "हे दुखणे. आणि मागून ज्वर."

वैद्य महाराजांकडे वळून बोलिले, "देहास मोठा श्रम पडला की पुष्कळ केस एकदम विसाव्यास जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळे जिवंत आहेत, पुन्हा येतील."

"मग हा अपशकुन नव्हे?"

"महाराज, हा अपशकुन असता तर घरोघरच्या बाळंतिणींचे नवरे मेले असते."

"मग औषध?"

"पोटभर अन्न, निद्रा, आणि वाट पाहणे."

काहीच करावयाचे नाही, हे दरबारास उमजेना. कारभारी बोलिले, "इतुकी फौज उभी, आणि वाट पाहावी?" आत्यासाहेबांनी विचारिले, "मग भ्यावे तरी कधी?" वैद्य बोलिले, "वर्ष होत आले तरी थांबेना, की चकती पडली, की डोईस पू, खपली, वेदना जाहली, की भुवयाही विरळ होऊ लागल्या, की केसांसंगे अंगातले बळ जाऊ लागले, तर मात्र थांबू नये." हे ऐकतांच ज्याने त्याने आपापली भुवई चाचपिली, आणि सेनापतीने दाढीतली गुळगुळीत चकती दाखविली, वैद्यांनी "ही चाई आहे, इजवर उपाय करू" म्हणोन त्यास बाजूस बसविले.

राणीसाहेब बोलिल्या, "विष नाही, तर चिमेस सोडा." चिमेस आणिले, तो ती पायऱ्या चढता चढता मध्येच भिंतीस धरून बसली आणि श्वास मावेना. पदर खांद्यावर आला, आणि अंबाडा सुपारीयेवढा दिसला. वैद्य स्वतः उतरून गेले, खालची पापणी ओढिली, ती पांढरीफटक.

"तुझे केस कधीपासून गळतात?"

"वरीस झालं असंल."

"आणि अंगावरून जाणे?"

चिमा खाली पाहोन बोलिली, "थांबतच न्हाई वैद्यबाबा. महिन्यातले थोडेच दिस बरे जातात."

राणीसाहेब कळवळून बोलिल्या, "अगे, रोज माझे मागे बसत होतीस. बोलली का नाहीस?"

चिमा बोलिली, "आपले गळत होते ना, बाईसाहेब."

वैद्यांचे मुख पालटले. ते बोलिले, "महाराज, भिण्याजोगे केस हे आहेत. हिचे अंगात रक्त उरले नाही." मग राणीसाहेबांनी चिमेस आपले दालनात निजविले, आणि स्राव थांबावयाचे औषध व लोहभस्म सुरू जाहले, आणि राणीसाहेब आपले हाते भरवू लागल्या. आत्यासाहेब बोलिल्या, "राणीने दासीस घास द्यावा?" राणीसाहेबांनी पुढचा घास दिला. मध्ये काही दिवस ऐसे गेले की वैद्यही म्हणत, "सांगवत नाही." मग स्राव आटोपला, आणि फाल्गुनात चिमा न थांबता जिना चढली. राणीसाहेबांचे कपाळावर आखूड केस उभे राहिले, ते कोणत्याही तेलाने बसेनात. जोश्यांनी यासही शुभ म्हटले, कोणी विचारिले नव्हते. शेजारचे राजास शालजोडी पाठवून क्षमा मागितली, त्याने ती घेतली, परंतु भांडण कशाचे होते हे त्यास शेवटपर्यंत कळले नाही.

एकंदर ऐसे घडले. केस का गळतात हे वैद्यांनी सांगितले, ते यथामति लिहिले. परंतु राणीसाहेबांचे गळाले तेव्हां राज्य थांबले, आणि चिमेचे वर्षभर गळत होते तेव्हां कोणी मान वळविली नाही, हे कशाने, हे लिहिणारास उमजले नाही. वैद्यांस विचारिले. ते पालखीत बसले होते, त्यांनी पडदा सोडिला आणि भोयांस निघावयास सांगितले.