अपडेटने फोडलेलं गुपित

यंत्रांच्या बाबतीत अख्ख्या बेहाल्यात, म्हणजे कोलकात्याच्या आमच्या भागात, माझा हात धरणारा कोणी नाही! कोणाचा पंखा कुरकुरला, कोणाचा मिक्सर रुसला, की लोक आधी देबोत्तम घोषालला, म्हणजे मला, बोलावतात आणि मग दुकानदाराला. दुकानदाराला का, ते विचारू नका.

त्या रविवारी तर माझी कॉलर ताठच होती. साडेचारला फुटबॉलची डर्बी! मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल! आणि आठ महिन्यांचा अबोला सोडून माझे सासरे सामना बघायला आमच्याकडे आले होते.

अबोला का? आम्ही घोटी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या इकडचेच, मोहन बागानवाले. आम्ही जिंकलो की घरात चिंगडी शिजते, म्हणजे तुमची कोळंबी. सासरे बांगाल, फाळणीत पूर्व बंगालातल्या बारिसालहून आलेल्यांतले, ईस्ट बंगालवाले. ते जिंकले की इलिश, म्हणजे हिलसा मासा. मागच्या डर्बीत आम्ही जिंकलो आणि मला दुर्बुद्धी सुचली. नारळाच्या दुधातल्या चिंगडीचा डबा मी सासऱ्यांकडे धाडून दिला! थट्टा हो, दुसरं काय? तासाभरात फोन आला. सासरे निवृत्त हेडमास्तर, नीहाररंजन दत्तगुप्त. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुला हे कोणी सांगितलं?"

"काय, बाबा?"

खट्! दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला, पण माणूस आला नाही. जामाईषष्ठीला सगळ्या बंगालातले जावई सासुरवाडीला जेवून तट्ट फुगतात. मी घरी वरणभात खाल्ला.

बायकोने, तपतीने, महिनाभर मनधरणी करून बापाला आणलं आणि मला तंबी दिली. "आज काही घोळ घातलात, तर बाबांबरोबर मीही बिजयगडला माहेरी जाणार. कायमची!"

जेवण झकास झालं. सव्वाचारला टीव्ही लावला आणि पडद्यावर पाटी आली: 'नवीन अपडेट तयार आहे. आत्ता की नंतर?' तपती दोन महिने 'नंतर' दाबत आली होती. अडाणीपणा!

"बाबा, आता बघाच! चित्र काचेसारखं होईल आणि टीव्ही चक्क आपल्या बांगला भाषेत बोलेल! दहा मिनिटांचं काम!"

"अहो, नको!" तपती ओरडली. तोवर मी 'आत्ता' दाबलं होतं.

पाच टक्के. बारा टक्के. एकोणतीस टक्के. एकोणतीस. एकोणतीस!

"एकोणतिसावर अडकलेली पोरं मी चाळीस वर्षं पाहिली आहेत," सासरे म्हणाले. "ती पुढे जात नाहीत."

साडेचार वाजले. मी फोनवर सामना लावू का म्हणून विचारलं.

"मोतीबिंदूच्या डोळ्यांनी? त्यात चेंडू सोड, मला मैदानही दिसणार नाही!"

"मग शेजारी हालदारदांकडे जाऊ या?"

"घोट्याच्या घरी? एक घोटी पुरे आहे मला!"

तेवढ्यात हालदारदांच्या घरातून आरोळी आली, "गोऽऽऽल!" सासरे ताडकन उठले. "कोणाचा?"

"कसं सांगू, बाबा? हालदारदा घोटी, वहिनी बांगाल."

"आवाज पुरुषाचा होता!"

"वहिनींचा आवाज तसाच आहे."

सासऱ्यांनी चष्मा काढला. शाळेत ते चष्मा काढायचे तेव्हा पोरं बाकाखाली जायची. "आलं लक्षात! आज आमची पोरं जोरात आहेत, म्हणून तू टीव्ही बंद पाडलास! हे मोहन बागानचं कारस्थान आहे! तपती, माझी छत्री आण!"

"माझीही पिशवी भरते, बाबा!"

मी हात जोडले, टीव्हीलाच! आणि काय आश्चर्य, भराभर शंभर टक्के! टीव्ही बंद झाला, चालू झाला आणि त्याने विचारलं: 'खात्रीसाठी सांगा. तुमच्या वडिलांचं हाकेचं नाव काय?'

आम्हा बंगाल्यांना दोन नावं. एक शाळेच्या दाखल्यावरचं, दुसरं घरच्यांनी हाक मारायचं. मी ऐटीत माझ्या वडिलांचं लिहिलं: 'बादल'. चूक! मग आठवलं, ही टीव्हीची स्टिक मेहुण्याने पाठवलेली, खातंही त्यानेच उघडलेलं. म्हणजे वडील त्याचे!

"पण बाबांना हाकेचं नावच नाही!" तपती म्हणाली. खरंच, आमची समजूत होती की हा माणूस हेडमास्तर म्हणूनच जन्माला आला असावा. सासरे मात्र एकाएकी छताकडे बघायला लागले.

मेहुण्याला बंगळुरूला फोन लावला. तो शंभर किलोचा मोठा इंजिनिअर, हाकेचं नाव टुकाई.

"टुकाई, बाबांचं हाकेचं नाव काय रे?" तपतीने विचारलं.

"ते होय! मोठ्या आत्याने, बडोपिशीने, मला गुपचूप सांगितलं होतं... दीदी, बाबा ऐकतायत का?"

"समोरच आहेत."

"हॅलो? हॅलो? दीदी, बोगदा आला!"

"घरात बसून कसला बोगदा रे?"

फोन बंद! बाहेर दुसरी आरोळी उठली, "गोऽऽऽल!" सासरे येरझारा घालायला लागले. कोणाचा गोल? कोणाचा? अखेर त्यांनी माझ्या हातातून रिमोट ओढून घेतला.

"यात बोललं तर चालतं?"

"हो, बटण दाबून."

ते स्वयंपाकघरात गेले. दार लावलं. आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं. आणि नव्यानेच बांगला शिकलेला टीव्ही माझ्या दोन भल्यामोठ्या स्पीकरांतून गरजला, "चिंगडी! अगदी बरोबर! स्वागत आहे, चिंगडी!"

दार उघडलं. सासरे लालबुंद झाले होते.

"सातव्या महिन्यात जन्मलो मी," ते हळूच म्हणाले. "वाकडा, लाल, एवढासा. आजीने ठेवलं नाव. जन्मभर लपवलं. ईस्ट बंगालचा माणूस, आणि नाव चिंगडी! तुझा डबा आला तेव्हा वाटलं, जावयाला कळलं. आता सगळं कोलकाता हसणार."

'तुला हे कोणी सांगितलं?' आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला! मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आठ महिने हा बिचारा म्हातारा माझ्या थट्टेने कुढत होता.

तेवढ्यात खिडकीत हालदारदा! हा माणूस म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. मागे आणखी चार डोकी.

"काय हो, कोण चिंगडी? टीव्ही कोणाचं स्वागत करतोय?"

सासऱ्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. तपतीने माझ्याकडे पाहिलं.

"मी!" मी म्हणालो. "माझंच हाकेचं नाव!"

"तुझं? तुझं तर देबू ना?"

"देबू नंतरचं. मूळ चिंगडीच!"

खिडकीत हशा पिकला, आणि टीव्हीवर चित्र आलं. काचेसारखं! ईस्ट बंगाल दोन, मोहन बागान शून्य! दोन्ही आरोळ्या वहिनींच्याच!

मग काय विचारता! सासरे नाचले, तपती नाचली. सामना तीन-एकने संपला तेव्हा सासऱ्यांनी मला असं कवटाळलं की बरगड्या वाजल्या. आमचा संघ हरला होता, आणि तरीही मी हसत होतो!

छत्री घेऊन निघताना ते कानाशी आले. "त्या डब्यातली चिंगडी फार छान झाली होती रे. मीठ जरा कमी होतं."

टीव्ही मात्र अजून लावताक्षणी चिंगडीचं स्वागत करतो. नाव बदलायचं तर पुढचं अपडेट घ्यावं लागेल, म्हणे. मी रोज 'नंतर' दाबतो. मासळीवाला मला 'चिंगडीदा' म्हणतो, हालदारदांची नातवंडं तपतीला 'चिंगडीकाकू' म्हणतात. चालायचंच! एका म्हाताऱ्याची अब्रू राखली, हे समाधान काय थोडं आहे?

काल सासऱ्यांचा फोन आला. आवाजात नुसतं प्रेम उतू जात होतं.

"काय रे चिंगडी, यंदा जामाईषष्ठीला येतोस ना?"