सुया टोचलेल्या आहेत, आत येऊ नये

बाळंतिणीला नेमकं किती दुखतंय, हे बाळंतीण सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे त्या प्रसूतिगृहाच्या वेदनातक्त्यात तीनच रकाने होते: डॉक्टर, सासू आणि नवरा. (चौथा रकाना बाळंतिणीचा होता, पण तिचे आकडे फार मोठे येत आणि सरासरी बिघडवत, म्हणून तो रद्द झाला.) पुढे सुया टोचून दुखणं कमी करण्याचा प्रयोग सुरू झाला. प्रयोगाला सुरुवातीचा आकडा मोठा असलेला सोयीचा, म्हणून तो रकाना सन्मानाने परत आणण्यात आला.

सात नंबरच्या खोलीतल्या शिवणकामवालीने त्यात दहापैकी आठ लिहिले. डॉक्टरांनी तीन लिहिले, सासूबाईंनी दोन. नवऱ्याने बायकोकडे बघून चार लिहिले, मग आईकडे बघून ते खोडले आणि अडीच केले.

सुईची भीती तिला नव्हती. बारा वर्षं टाचण्या ओठांत धरून तिने गिऱ्हाइकांची मापं घेतली होती. स्वतःला पडलेल्या टाक्यांबद्दल तिचं व्यावसायिक मत फारसं बरं नव्हतं, पण ते कोणी विचारलं नाही. तिला धास्ती होती ती दाराची. (बाळ बघायला आलेल्यांची पहिल्या दिवसाची संख्या: एकोणतीस. बाळ बघून झाल्यावर तिच्याकडेही बघणारे: एक, त्याही सफाईवाल्या मावशी.) नवऱ्याच्या आत्याला घरात सगळे ‘आमच्यावेळी’ म्हणत, ती तर दिवसातून तीनदा येई. “आमच्या वेळी असलं काही दुखत नव्हतं गं,” असं म्हणत ती पलंगाच्या कडेवर बसकण मारी, आणि पलंग हलला की टाक्यांना बरोबर कळे.

दुसऱ्या दिवशी सुईवाल्या बाई आल्या. त्यांनी पायांत, हातांत आणि कानांत मिळून दहा सुया टोचल्या आणि दाराबाहेर पाटी अडकवली: ‘सुया टोचलेल्या आहेत. आत येऊ नये. हाक मारू नये.’ बाळ बाहेर नवऱ्याच्या हातात गेलं. कडी लागली. पुढची पंचवीस मिनिटं कोणी येणार नव्हतं. शिवणकामवाली छताकडे बघत राहिली. मग तिला एकदम रडू आलं, आणि “आता काय झालं?” असं कोणी विचारलं नाही. त्याचं तिला इतकं बरं वाटलं की ती झोपलीच. उठल्यावर तिने तीन लिहिले.

विज्ञान मात्र एवढ्यावर समाधान मानत नाही. मोठ्या डॉक्टरांनी बायकांचे तीन गट पाडले: योग्य जागी सुया, भलत्याच जागी सुया, आणि सुया नाहीतच, नुसती पाटी.

“आज डबा उघडणार नाही,” सुईवाल्या बाई म्हणाल्या. “तुम्ही तिसऱ्या गटात आलात.”

“आणि पाटी?”

“ती लावलीय.”

“मग कडीपण घाला की!”

त्या दिवशी तिने दोन लिहिले.

दोनच दिवसांत अहवाल आला. पहिल्या गटाचं दुखणं पाच अंकांनी उतरलं, दुसऱ्याचंही पाच, तिसऱ्याचं सहा. दोन बैठकांनंतर समितीचं एकमत झालं की गुण पाटीत आहे. अक्षरांचा आकार, रंग आणि खिळ्याची उंची तपासायला उपसमिती नेमली गेली. (पाटीमागे एक बंद दार असतं, हा विषय कार्यकक्षेबाहेरचा होता.) सुयांची गरज नाही, म्हणून सुया बंद झाल्या. सुया बंद झाल्यावर ‘सुया टोचलेल्या आहेत’ हे विधान खोटं ठरलं. खोटी पाटी लावणं नियमात बसत नाही, म्हणून पाटीही उतरवली. यात कुणाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

पाटी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं होतं. आमच्यावेळी चौघींना घेऊन आली. पलंगाच्या मोकळ्या कडा दोनच होत्या, तरी त्या पाचही जणी बसल्या. नवऱ्याने बायकोचा चेहरा बघितला, तक्ता ओढला आणि आईकडे न बघता नऊ लिहिले. मग तो धावतच सुईवाल्या बाईंना घेऊन आला.

“बाई, एकच टोचा,” शिवणकामवाली म्हणाली. “कुठंही टोचा. पण पाटी खरी करा.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं, डबा उघडला, डाव्या पायात एक सुई टोचली आणि पाटी पुन्हा दाराला अडकवली.

“अगं बाई, सुया!” म्हणत आमच्यावेळी चौघींसकट बाहेर पडली.

घरी जाताना शिवणकामवालीने ती पाटी मागून घेतली. आता मूल शाळेत जातं, टाके कधीच भरले, पण पाटी रोज दुपारी पंचवीस मिनिटं लागते. (नियमभंग नको म्हणून ती पायाच्या बोटाला एक सुई अजूनही टोचून घेते.) “आईला सुया आहेत,” असं मूलच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतं.

हे सगळं वाचायला तुम्हाला चार-पाच मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात तुम्हाला कोणी हाक मारली नाही, तुमच्या दाराला पाटी नाही, आणि अंगात एकही सुई नाही. तेव्हा जरा आत जाऊन बघा, तुमच्या वाट्याच्या हाका कोणाला ऐकाव्या लागतायत. पण जाताना हाक मारू नका.