जाताना हजेरी

आमच्या मास्तरांच्या क्लासात हजेरी येताना नाही, जाताना घेतात.

"येताना काय, कुणीबी येतं," मास्तर म्हणतात. "जाताना तोच माणूस चाललाय का, ते बघाया लागतं."

हा क्लास मुखवट्यांचा. काळेवाडीत ग्रिल-वेल्डिंगच्या दुकानावर पत्र्याची शेड आहे, तिथं रविवारी दुपारी भरतो. मास्तर मूळचे नाशिककडच्या डोंगरातले. तिकडं बोहाडा असतो, गावातली माणसं मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात. पोटासाठी चाकणला एका कंपनीत आले, पेंट शॉपला लागले, रिटायर झाले आणि आता आमच्याकडून कागदाचा लगदा नि चिंचोक्याची खळ मळून घेतात. रंगाचा हात मात्र कंपनीचाच. त्यांचा रावण बघितला की वाटतं, आत्ताच पेढे वाटून शोरूममधनं बाहेर काढलाय.

भिंतीवर सगळी तोंडं टांगलेली. खाली ग्राइंडर चालू झाला की पत्रा थरथरतो आणि ती तोंडं माना हलवायला लागतात. मास्तर वर न बघता म्हणतात, "गप बसा रे." आम्ही गप होतो. मग लक्षात येतं, आपल्याला नव्हतं म्हटलं. ग्राइंडर चालूच असतो, पण राव, तोंडं थांबलेली असतात.

त्यांचा एक नियम फार कडक. मुखवटा उतरवायच्या आधी कुणीतरी आपल्याला घरच्या नावानं हाक मारायची, आपण ओ द्यायची, मगच काढायचा.

"नाय दिली ओ, तर?" मी विचारलं.

"तर तोंड निघतं. आतलं सोंग निघत न्हाई. आमच्या गावात हाय एक. आजून बायकोला वळखत न्हाई."

"मास्तर, दारू पीत असंल तो."

"पितो की. पर कोण पितंय, ते इचार."



कोपऱ्यात एक मुखवटा कायम फडक्यात बांधलेला असायचा. वेताळ. मास्तरांच्या घराण्याचं सोंग. ते दरवर्षी नाचायचे आणि त्यांची थोरली बहीण, आक्का, हाक मारून त्यांना माघारी आणायची. आक्का गेली आणि वेताळ फडक्यात गेला.

"काकू आहेत की हाक मारायला," मी म्हणालो.

"ती 'अवो' म्हणती. 'अवो' म्हटल्यावर एकटा मीच कसा येईन? अर्धी काळेवाडी येईल. आन तुमी म्हणता मास्तर. मास्तर काय नाव हाय?" मग गुडघा चोळत म्हणाले, "ह्यो गुडघा जायच्या आत एकदा नाचून दावायचाय. न्हाईतर तुमाला वेताळ नुसता रंगवता येईल."

आता माझं सांगतो. मला नकलांचा नाद. सुपरवायझर, टपरीवाला, रूमचा मालक, सगळ्यांच्या करतो. एकदा चहाच्या वेळी मास्तरांचं "गप बसा रे" केलं, तर ते मागंच उभे. म्हटलं, गेलो. तर म्हणाले, "बाईचा आवाज येतो का तुला?"

झालं! मास्तरांचं घरचं नाव सख्या. दर रविवारी क्लास सुटला की माझा दुसरा क्लास, आक्काच्या हाकेचा.

"सख्याऽऽ, ये रे माघारी!"

"ही सासू झाली."

"सख्याऽऽ..."

"ही शिरेलीतली. आक्का चिडकी न्हवती रं, चिडल्यावानी करायची."

मी आक्काला कधी बघितलेलं नाही, फोटोतसुद्धा. पण एका रविवारी मास्तरांनी खोट काढलीच नाही, नुसते खिडकीकडं बघत राहिले. त्याच आठवड्यात चिंचवडला रूमवर प्रॅक्टिस करत होतो. रूममेट कांदा चिरता चिरता थांबला. "भावा," तो म्हणाला, "आत्ता आत कोण बाई बोलली?"

शेवटी तो रविवार आला. काकू दाराशी पायरीवर बसल्या. संबळ मोबाइलवर लावला. मास्तरांनी वेताळ चढवला आणि एरवी रेलिंग धरून जिना चढणारा माणूस असा नाचला, की आम्ही भिंतीला चिकटलो. संबळ संपला. ते थांबेनात. नुसत्या पायांचा आवाज.

"अवो," काकू हळूच म्हणाल्या.

मुखवटा वळला. काकूंकडं बघितलं आणि तसाच पुढं सरकला, जणू तिथं नुसती पायरीच होती. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"मास्तर, बास!" मी ओरडलो, माझ्याच आवाजात. काही नाही. मग डोळे मिटले.

"सख्याऽऽ, ये रे माघारी!"

पाय थांबले. मुखवट्याच्या आतून आवाज आला, अगदी पोरासारखा. "आलो गं आक्का."

मुखवटा निघाला. आत मास्तरच होते, घामानं निथळत. लगेच गुडघा धरून मटकन खाली बसले. काकूंनी पाणी दिलं तर म्हणाले, "माठातलं न्हाई का?" आम्ही सुटकेनं हसलो.

मी घाम पुसत होतो, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"आनखी एकदा हाक मार."

"अहो, आलात की तुम्ही!"

"म्हाईत हाय रं. मार तू."

मी मारली. ह्या वेळी त्यांनी ओ दिली नाही. डोळे मिटून नुसते ऐकत बसले.