माझ्या नावाचं ग्लॅडिओलस

माझी एक खोड आहे, मी काहीच विसरत नाही. (म्हणून घरात कुणाची लाडकी नाही.) तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी ब्रशनं एका ग्लॅडिओलसचे पराग दुसऱ्याला लावले आणि म्हणाले, "अगं, नवं हायब्रीड निघालं तर तुझं नाव देईन त्याला."

झालं! तेवढ्यावर मी भुलले. लग्न झाल्यापासून मला नावानं कुणी हाक मारली नाही. आधी अगं, मग आई, मग आजी. म्हटलं, फुलाला तरी माझ्या नावानं हाक मारतील.

तीन उन्हाळे बादल्या मी वाहिल्या. बियांतून वाटाण्याएवढे कंद आले. ते उकरायचे, सुकवायचे, पुन्हा लावायचे, सगळं मीच. हे खुर्चीतून ओरडायचे, "अगं, हळू!" (काळजी कंदांची, माझ्या कमरेची नव्हे.)

यंदा दांडा आला. खालून एकेक कळी उमलली. मळकट जांभळी, कडेला पिवळट, जुनं पायपुसणं धुऊन वाळत घालावं तशी. पण माझीच ना! ह्यांनी चष्मा लावून पाहिलं, "हं" केलं आणि पत्र्याच्या पट्टीवर काहीतरी लिहून दांड्याला बांधलं. मला लिहिता-वाचता येत नाही. पण नावाशिवाय दुसरं काय असणार?

शेजारच्या मास्तरीणबाईंना हाताला धरून आणलं. "वाचा. माझंच आहे ते!"

बाईंनी वाचलं आणि माझा हात दाबला. "असं नका हो म्हणू. किती करता तुम्ही या घरासाठी!"

मग दूधवाल्याला पट्टी दाखवली. तो म्हणाला, "आजोबांनी लिहिलं? शोभतं का हे त्यांना?"

"न शोभायला काय झालं? तीन वर्षं वाट पाहिलीय मी याची!"

बिचारा दूध मापायचंच विसरला.

शेवटी धाकट्या नातीनं बोट ठेवून वाचलं, "नि-का-मी. उप-टून टा-कणे."

मी पट्टी ओरबाडली आणि ह्यांच्या मांडीवर आपटली. "अहो, माझं नाव लिहा. आत्ताच्या आत्ता!"

ह्यांनी घाबरून पट्टी उलटी केली, मार्कर उघडला, आणि थांबले. "अगं... काय बरं तुझं?"

फाडकन सांगायला मी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. खालच्या दोन पाकळ्या गळून पडल्या, तरी मला आठवेना.

नात माझ्याकडे बघतेय, हे बघतायत. शेवटी पदरानं घाम पुसला आणि म्हटलं, "लिहा... अगं."